पुराव्यासाठी सांगितलेला गणपती

चहा घ्या आधी. मी सांगायला लागलो की चहा निवतो, असं आमच्या घरात म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. माझं बोलणं लहानपणापासून संथ. एक शब्द झाला की दुसरा यायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा माणूस माझं वाक्य पुरं करतो, त्याला उत्तरही देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. माझी निम्मी वाक्यं आजवर दुसऱ्यांनीच बोललेली आहेत! त्यातल्या एका वाक्यानं आमचं घर फुटायची वेळ आली होती. हसायचं तर हसा, मी काही रागावणार नाही.

मी पेणला गणपती करतो. मूळचा मात्र वरशाचा, रोह्याला लागून आहे ना, ते वरसे. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, दादानं, मला चौथीनंतर पेणला एका गणपतीच्या कारखान्यात माती मळायला ठेवलं आणि मी तिथलाच झालो. पुढं माझा स्वतःचा कारखाना झाला. कारखाना म्हणजे तुम्ही काय समजाल कोण जाणे! एक पडवी, काही साचे आणि रंगाचे डबे. मूर्तीवर शेवटचा हात मी फिरवतो, डोळे आमची सुमन काढते. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर, आणि तोंड माझ्या दसपट चालतं. संसार बरोबर जुळला म्हणायचा.

तर नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. बासमती तांदळाच्या नावावर परदेशात कुणीतरी हक्क सांगितला म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. त्याच्या मागोमाग बातमी आली की दिल्लीत एक कायदा होणार. ज्या गावाची जी नावाजलेली वस्तू, तिचं नाव त्या गावानंच लावायचं. दुसऱ्या कुणी लावलं तर गुन्हा.

आमच्या मूर्तिकारांच्या आळीत या बातमीनं असा उत्साह आला की रंग वाळायचे थांबले! मारुतीच्या देवळात बैठक बसली. आळीतलाच एक तरुण वकील, अंगात कोट, पायात चपला, आम्हाला समजावून सांगायला लागला.

"कायदा येईल तेव्हा येईल. पण पेणचा गणपती म्हणजे पेणचाच, हे आपल्याला दाखवावं लागेल. आणि बाहेर कोण आपलं नाव वापरतंय, त्याचा पुरावा आत्तापासून गोळा केला पाहिजे."

"पुरावा कशाला? रोह्याच्या बाजारात बोर्डच लागलाय की, 'पेणचे सुप्रसिद्ध गणपती'. आपल्यातला एक तरी त्याला माल देतो का?" मागून कुणीतरी ओरडलं.

कुणीच देत नव्हतं.

"मग झालं तर," वकील म्हणाला. "कुणीतरी गिऱ्हाईक होऊन जायचं, मूर्ती सांगायची, 'पेणची' असं लिहिलेली पावती घ्यायची. पुढं मूर्तीही ताब्यात घ्यायची. कोण जाईल?"

सगळं देऊळ, म्हणजे देवळातली सगळी माणसं, माझ्याकडे वळली. "नाना, तुम्ही तिकडचे ना?"

मी म्हणणार होतो, 'मी रोह्याला गेलो तर मला कुणीतरी ओळखेल.' सुरुवात केली, "मी… रोह्याला… गेलो तर…"

"जातो म्हणताय? शाब्बास नाना!" वकिलानं माझ्या पाठीवर थाप मारली. टाळ्या झाल्या. बैठक संपली.

घरी सांगितलं तर सुमन हातातला कुंचला खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

"तुम्हाला पाठवतायत? हेर म्हणून? अहो, तुम्ही बाजारात भेंडी आणायला जाता आणि दुधी घेऊन येता!"

हे खरं होतं. मी 'अर्धा किलो' म्हणून जरा थांबतो, तोवर भाजीवालीनं दुधी तोललेला असतो. पण एवढा बावळट मी नाही, असं मनात म्हणत मी एसटीत बसलो. वकिलानं नाव ठरवून दिलं होतं, गणपत, गाव कोलाड. नागोठणं येईपर्यंत मी तेच घोकत होतो. गणपत, कोलाड. गणपत, कोलाड.

दुकान बाजारपेठेत होतं. दुकानदार वामनशेट म्हणजे माझ्या बरोबर उलट माणूस. गोल, हसरा, आणि त्याच्या तोंडाला फुलस्टॉप माहीत नव्हता. मी आधी मूर्ती पाहिल्या. वाईट नव्हत्या. पण पेणचा गणपती म्हणजे, तुम्ही कुठंही उभे राहा, तो तुमच्याकडे बघतो. या गणपतींची नजर जराशी वर, छपराच्या वाशांकडे होती. पाऊस गळतोय का बघत असल्यासारखी. मी म्हटलं, सापडला चोर!

"कुठला आवडला? हा ना? पेणचा खास माल हा. नाव काय घालू?"

आता बघा, खरं बोलायलाच मला वेळ लागतो, तर खोट्याला किती लागेल? 'गणपत' हा शब्द घशापर्यंत आला आणि तिथंच बसला. वामनशेट माझं तोंड निरखायला लागला.

"थांबा, थांबा. हे नाक ओळखीचं आहे. वरशाचे दादा तुमचे कोण?"

"भाऊ."

जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द झटकन निघाला, आणि तो हा!

"म्हणजे तुम्ही धाकटे! पेणला कुठंसे कामाला असता ते! मग मूर्ती दादांकडंच न्यायची ना?"

मला सांगायचं होतं, 'नाही, दादाकडे नाही न्यायची, नुसता नमुना म्हणून पाहिजे.' मी म्हटलं, "नाही… दादाकडे… नाही…"

वामनशेटचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यानं आवाज खाली आणला. "समजलं. तुमचा वेगळा. बरं केलंत. भावाभावांत वेळच्या वेळी झालेलं चांगलं असतं. विडा ठेवा."

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे घराण्याचा गणपती एकच. तो थोरल्या घरी बसतो आणि सगळे भाऊ तिथं जमतात. चूल वेगळी झाली तरी कुणी काही म्हणत नाही. पण धाकट्यानं आपल्या घरी वेगळा गणपती आणला, की घर फुटलं. मग त्या घरात एकमेकांच्या लग्नाला पाहुण्यासारखं जायचं. आमचा गणपती दरवर्षी मीच पेणहून करून नेत होतो, दादाच्या घरी.

आणि गणपती सांगायचा तो नुसता तोंडानं नाही. पाटावर विडा-सुपारी ठेवायची, हात जोडायचे. विडा ठेवला की तो गणपती आपला. मग तो आणला नाही, असं कुणी करत नाही.

हे सगळं मला माहीत नव्हतं? जन्म त्याच्यात गेलाय! दरवर्षी लोक माझ्यासमोर विडा ठेवतात. पण मी स्वतः कधी दुसऱ्या कारखान्यात उभा राहिलो नव्हतो. वामनशेटनं हातात विडा दिला आणि मला कसं गहिवरून आलं. मी तो पाटावर ठेवला, डोळे मिटले आणि मनापासून म्हटलं, 'ये रे बाबा यंदा, सुखरूप ये.'

हेरगिरी करायला गेलो होतो मी! डोळे उघडले तेव्हा पावती तयार होती. तिच्यावर 'पेणची मूर्ती' असं ठसठशीत लिहिलेलं. पुरावा मिळाला म्हणून मी खुशीत एसटीत बसलो. माझ्यासारखा सुखी माणूस त्या गाडीत दुसरा नव्हता.

नंतर एका दुपारी आमच्या दारात पुतण्याची स्कूटर थांबली. दादाचा मुलगा सुधाकर, धाटावला कंपनीत आहे. रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे लाल. त्यानं मागं बांधलेलं पोतं सोडलं आणि पडवीत ठेवलं.

"दादांनी पाठवलंय."

मी पोतं उघडलं. आत आमच्या देवघरातली एक समई. समयांची जोडी आहे आमच्याकडे, त्यातली एक. खाली एक ताम्हन, आरतीची एक घंटा. आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेली टाळाची एक वाटी. दोरी सोडून टाळाची जोडी निम्मी केली होती!

"हे काय रे?" सुमन म्हणाली. "एका वाटीनं आम्ही वाजवायचं काय?"

सुधाकर खाली बघत म्हणाला, "काकी, दादा म्हणाले, त्याला मागायची वेळ यायला नको. त्याचा गणपती सुरू होतोय तर निम्मं त्याचं त्याला द्या."

"कुणाचा गणपती?"

"काकांचा. वामनशेटनी भर बाजारात दादांना सांगितलं. म्हणाले, बरं झालं, गोडीगुलाबीनं वेगळे झालात. काका, आम्ही काय केलं ते तरी सांगायचं."

मी म्हटलं, "अरे, तो… पुरावा…"

"दादांना पुरावा नको होता काका. त्यांनी ऐकून घेतलं नि घरी आले. त्या दिवसापास्नं ओटीवरनं उठले नायत."

तो चहा न घेता गेला. आमच्या घरातून सुधाकर चहा न घेता कधी गेला नव्हता. मी ती टाळाची वाटी हातात घेऊन बसलो. पुढून आमटीची वाटी दिसते, मागून दोरीचं भोक. सुमननं एवढंच विचारलं, "दुधी आणलात ना शेवटी?" आणि ती साडी बदलायला आत गेली.

आम्ही वरशाला पोचलो तेव्हा दादा ओटीवर खांबाला टेकून बसला होता. मी पाया पडलो. त्यानं पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. वडील गेल्यापासून हा हात कधी चुकला नव्हता. मला तिथंच रडू यायला लागलं. रडताना तर माझं बोलणं पारच बंद होतं.

वहिनीचं मात्र सुरू झालं. "भावजी, काय कमी केलं हो आम्ही? सुमन, तू तरी सांग गो! वालाचं बिरडं केलं की पहिला डबा तुमचा. आणि तुम्ही चोरून गणपती सांगता? तोही दुसऱ्याकडं! आपल्या हातानं घर फोडायला हात धजावला नसंल, म्हणून दुसऱ्याच्या हातचा घेतलात, व्हय ना?"

बघा, हे मला सुचलंही नव्हतं! पण ऐकताना इतकं पटलं की क्षणभर मला वाटलं, खरंच असं तर नसेल?

"वयनी, ऐका तरी," सुमन म्हणाली. "ह्यांना त्या लोकांनी पाठवलं…"

"कुठल्या लोकांनी? कुणी कान फुंकले?"

मी डोळे पुसले आणि ठरवलं, आता सरळ मुळापासून सांगायचं. "दादा… वकिलांनी… सांगितलं…"

शेजारचे तात्या नेमके तेव्हाच पायरी चढत होते. त्यांनी एवढंच ऐकलं.

"वकील? वकिलापत्तूर गेलं प्रकरण? जमिनीचं की घराचं?"

"अगो बाई!" वहिनी मटकन खाली बसली. "कोर्टात खेचताय आम्हाला?"

"नाही… कायदा… होणार…"

"ऐकलंत? कायद्यानं होणार म्हणतात!" तात्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "दादा, तुमच्या तोंडची भाकरी घालून वाढवला ना ह्याला? बघा!"

मी तोंड उघडलं की एक गुन्हा वाढत होता. मी तोंड मिटलं. तर तात्या म्हणाले, "बघा, कबूल हाय त्याला!"

तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. "तात्या, माझी गाय वाड्यात बांधल्येली हाय का सुटली, जरा बघून येता?"

तात्यांना जायचं नव्हतं, पण गेले. तोंड मात्र ते घरी ठेवून जाणाऱ्यातले नव्हते.

मग दादा वहिनीला म्हणाला, "तू पण गप. सगळी गप बसा. त्याला बोलाय टाईम लागतो, ठाऊक हाय ना? तो बोलंल. थांबा."

आणि तो थांबला. जगात मला पुरं बोलू देणारा हा एकच माणूस. मी बोलत गेलो. बासमती, दिल्लीचा कायदा, देवळातली बैठक, गणपत कोलाडकर, पावती, विडा, सगळं. मधे वहिनीनं भात चढवला, उतरवला. दादानं नजर हलवली नाही.

शेवटी म्हणाला, "म्हणजे तुझा वेगळा गणपती नाय."

"नाय."

"नुसता तो लबाड हाय का नाय, ते बघायचं होतं."

"व्हय."

त्यानं हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. जरा जोरातच ठेवला, टपली म्हणा हवं तर. वहिनी पदरानं डोळे पुसता पुसता हसायला लागली, आणि सुमन तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी म्हटलं, "उद्या जाऊन… नको म्हणून सांगतो."

दादा खांबापासून पुढं सरकला. "विडा ठेवलास?"

"ठेवला."

"हात जोडलेस?"

"जोडले."

"मनापास्नं?"

खोटं कसं बोलू? "मनापास्नं."

"मग तो येणार. ये म्हणून बोलावलास नि आता नको म्हणतोस? देव हाय तो, तुझा नमुना नाय. इथंच येणार, आपल्या घरी. घराचा गणपती एकच. यंदा हाच."

"पण दादा… तो पेणचा नाय."

"नसू दे. गणपती हाय ना?"

आमच्यासाठी मी पेणला केलेली मूर्ती अजून रंगायची होती. ती मी आळीतल्या एका घराला दिली.

इथंच संपलं असतं तर मी तुम्हाला चहाला बसवलं नसतं.

तात्या गाय बघायला गेले होते ते सगळ्या वरशाला बघून आले होते. धाकट्यानं वकील केला, रोह्यात गणपती सांगितला, दादाचं घर फुटलं. गावात दुसरा विषय नव्हता. गणपतीच्या दिवशी कोणाची मूर्ती कुठं जाते, यावर सगळ्यांचं लक्ष.

आदल्या दिवशी आम्ही दोघं भाऊ रोह्याला जाऊन मूर्ती घेऊन आलो. तोंडावर रुमाल झाकून, माझ्या डोक्यावर. पेणची गाडीही रोह्यालाच थांबते, त्यामुळे मी दरवर्षीसारखा पेणहूनच आलो असं लोकांना वाटलं. मी डोक्यावर देव घेऊन चाललो होतो आणि पोटात चोर. आमच्या आळीतल्या कुणी पाहिलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी मूर्ती बसली, रुमाल काढला. संध्याकाळच्या आरतीला ओटी माणसांनी भरली. भक्तीनं किती आले आणि चौकशीला किती, ते त्या गजाननालाच माहीत. टाळाची दोरी पुन्हा ओवली होती, सुधाकर जोरात वाजवत होता.

आरती झाली आणि तात्या पुढे झाले. मूर्तीकडे निरखून बघितलं.

"वा! पेणचा माल लांबूनच कळतो. नजर बघा, नजर! कशी वर, कैलासाकडं लागलीय! बाळू, आजवर इतके गणपती आणलेस, पण असे डोळे तुझ्या हातून कधी उतरले नव्हते."

गावात मी अजून बाळूच. सुमन तिथंच उभी होती. आजवरचे सगळे डोळे तिचे होते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला छपराकडे बघावंसं वाटलं.

आणि नेमका तेव्हाच दारातून कोण आत यावं? वामनशेट! दादाकडे दर्शनाला आला होता. आपली मूर्ती ओळखून हात जोडून उभा राहिला, चेहऱ्यावर समाधान. मग तात्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

"बाळूच्या हातून? म्हणजे हे स्वतः…"

"मग? पेणचे मूर्तिकार हायत आमचे! तुम्हाला ठाऊक नाय?"

वामनशेटचं तोंड उघडं राहिलं. त्या माणसाला शब्द सापडत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तात्या काही सोडणारे नव्हते. सगळ्यांदेखत म्हणाले, "बाळू, गावात लोक काय काय बोलतात. रोह्यातनं गणपती सांगितलास म्हणं, घर फुटलं म्हणं. आता तूच सांग एकदा, म्हणजे मिटलं. हा गणपती कुठला?"

मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "तो बोलंल. थांबा."

आणि काय सांगू, अख्खं वरसे थांबलं! जन्मभर कुणी मला वाक्य पुरं करू दिलं नाही आणि त्या दिवशी सगळे श्वास धरून वाट बघत होते. मी म्हटलं, "हा… गणपती…" आणि आशेनं इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी पुढचं बोला रे! बोलणारी वहिनी गप्प. सुमन गप्प. तात्या गप्प. वामनशेटसुद्धा गप्प.

रोह्याचा म्हणावं, तर वेगळा गणपती सांगितला होता ही गोष्ट खरी ठरते आणि दादाची मान खाली जाते. पेणचा म्हणावं, तर आपल्याच हातानं बुडतं पेणचं नाव, आळी, बैठक, कायदा… दादा खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता.

"…पेणचा," मी म्हटलं.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" तात्या ओरडले. खरं तर ते वेगळंच म्हणत होते, पण जाऊ द्या. गाव खूश होऊन प्रसाद खायला लागलं. वहिनीनं मला मोदक जास्त वाढले.

वामनशेट जाताना मला कोपऱ्यात घेऊन गेला. दोन्ही हातांनी माझा हात धरला. "अहो, माझा मुलगा रंगवतो मूर्ती. आज त्याच्या कामाचं चीज झालं. तुमच्यासारख्या माणसानं चारचौघांत सांगितलं!"

मी म्हणणार होतो, 'ऐका, ते मी घरासाठी म्हटलं.' "ऐका… ते मी… घरासाठी…"

"घरासाठी नेलीत, तेच तर! स्वतःच्या घरासाठी! यापेक्षा मोठं काय?" आणि तो डोळे पुसत निघून गेला.

गणपती झाल्यावर पेणला वकील दारात हजर. "नाना, मूर्ती?"

"विसर्जन… केलं."

"पुरावा बुडवलात?"

"वाजत गाजत," सुमन आतून म्हणाली.

"पावती तरी?"

पावती विड्याबरोबर देवापुढं होती. निर्माल्यात गेली. वकिलानं कपाळाला हात लावला, पण तरुण पोरगा, मनाचा चांगला. म्हणाला, होतं असं, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी पुन्हा मारुतीच्या देवळात बैठक. आता तर दिल्लीत कायदा मंजूर झाल्याची बातमी होती, त्यामुळे देवळात बसायला जागा नव्हती. वकील रोह्याला स्वतः जाऊन आला होता. संतापानं लाल.

"त्या दुकानदारानं बोर्डावर आणखी एक ओळ चढवलीय! 'पेणचे मूर्तिकार स्वतःच्या घरी आमचाच गणपती बसवतात.' विचारलं तर म्हणतो, खरं आहे, गावासमोर कबूल केलंय त्यांनी. नाव मात्र सांगत नाही, म्हणतो भला माणूस आहे, त्याला त्रास नको!"

देवळात एकच गलका. "कोण हाय तो? आपल्यातला? नाव कळू दे नुसतं!"

"हा फितूर आधी सापडला पाहिजे," वकील म्हणाला. "कायदा राहू दे बाजूला."

आता मात्र बोलणं भाग होतं. मी उठलो. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

"तो… माणूस… मी…"

"तुम्ही शोधता? शाब्बास नाना!" वकिलानं पाठीवर थाप मारली. टाळ्या झाल्या. बैठक संपली.

त्याला बरीच वर्षं झाली. आळीत कुणी भेटलं की अजून विचारतं, "काय नाना, लागला का पत्ता?"

मी म्हणतो, "शोधतोय."

हे एक वाक्य मात्र मला झटकन येतं.